न मोजलेले तास

शाब्दिक उदाहरणं सोडवताना मुलं एक चूक हमखास करतात. उदाहरणात एखादी संख्या दिलेली नसली, की ती शून्य धरून मोकळी होतात. मग आपण सांगतो, ‘दिली नाही म्हणजे माहीत नाही. माहीत नाही म्हणजे शून्य नव्हे.’ वृद्धांच्या दीर्घकालीन काळजीवर सार्वजनिक खर्च किती होतो आणि पुढे किती होईल, याचे जे अंदाज अलीकडे मांडले जातात, त्यांत मला हीच चूक दिसते. चूक लहान नाही. तिच्यामुळे काहीच न करणं हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो.

या अंदाजांची पद्धत तपासून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी आपण यवतमाळ जिल्हा घेऊ. तिथली बेरीज-गुणाकार आपल्याला कागद-पेन्सिल घेऊन करता येईल.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. दीर्घकालीन काळजी म्हणजे औषधोपचार नव्हे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, तापावरच्या गोळ्या हा झाला उपचार. तो संपतो. पण एखाद्या आजीला अंथरुणातून उठवणं, आंघोळ घालणं, जेवण भरवणं, रात्री दोनदा शौचाला नेणं हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालतं. या कामाला डॉक्टर लागत नाही, माणूस लागतं. आणि माणूस लागतं म्हणजे त्याचा वेळ लागतो.

अशी मदत किती जणांना लागते? याचं उत्तर शोधणारी आपल्याकडची सर्वांत मोठी पाहणी म्हणजे ‘लासी’. २०१७-१८ साली झालेल्या तिच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा केली गेली. त्यांतले ३१ हजारांवर लोक साठीच्या पुढचे होते. कपडे घालणं, खोलीत चालणं, आंघोळ, जेवण, अंथरुणातून उठणं-बसणं आणि शौचाला जाणं अशा सहा रोजच्या क्रियांबद्दल त्यांना विचारलं गेलं. साठीच्या पुढच्या साधारण २४ टक्के लोकांना यांतली किमान एक क्रिया करताना अडचण येते असं आढळलं. स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा व्यवहार, औषधं वेळेवर घेणं अशी जरा व्यापक कामं धरली, तर हेच प्रमाण ४८ टक्क्यांवर जातं.

आता यवतमाळचं गणित. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ साली व्हायची ठरली आहे. त्यामुळे जुन्याच आकड्यावर काम भागवावं लागतं. २०११ साली महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक ९.९ टक्के होते. तेच प्रमाण जिल्ह्याला लावलं, तर सुमारे २ लाख ७४ हजार वृद्ध होतात. त्यांचे २४ टक्के म्हणजे अंदाजे ६६ हजार. प्रत्येकाला दिवसाला दोन तास दुसऱ्याची मदत लागते असं समजा. तासाची किंमत काय धरायची? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये. दोन तासांचे ७८ रुपये, वर्षाचे २८,४७० रुपये, आणि ६६ हजारांचे मिळून सुमारे १८८ कोटी रुपये.

एका जिल्ह्याचे १८८ कोटी! आकडा छापण्यासारखा आहे. पण त्याच्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याचे सांधे हलवून पाहायला हवेत.

पहिला सांधा ‘२४ टक्के’ हा. एका क्रियेत थोडी अडचण असणारा आजोबा आणि सहाही क्रियांसाठी परावलंबी असलेली आजी दोघंही या आकड्यात एक-एक म्हणूनच मोजले गेले आहेत. समजा, यांतल्या फक्त चौथ्या हिश्श्याला, म्हणजे साडेसोळा हजारांनाच खरी मदत लागते, पण ती दिवसाला चार तास लागते. मग उत्तर ९४ कोटी येतं. म्हणजे बरोबर निम्मं. उलट २४ ऐवजी ४८ टक्के घेतले आणि तास दोनच ठेवले, तर उत्तर दुप्पट. ९४ कोटी ते ३७५ कोटी, असा चौपट फरक केवळ ‘गरजू कोण?’ याच्या व्याख्येतून पडतो. भौतिकशास्त्राच्या प्रयोगात एवढी त्रुटी आली असती, तर आपण उपकरण बदलायला सांगितलं असतं. धोरणाच्या कागदावर मात्र एकच आकडा ठळक अक्षरांत येतो आणि त्याची त्रुटीची मर्यादा कुठे लिहिलेली नसते.

दुसरी गोष्ट अधिक बारीक आहे. ‘शौचाला जाता येतं का?’ या प्रश्नाचं उत्तर गुडघ्यावर अवलंबून असतं तसंच घरावरही असतं. खुर्चीसारख्या भांड्याचं शौचालय घरात आणि भिंतीला धरायला दांडा असेल, तर जी आजी स्वतःचं स्वतः करते, तीच आजी उकिडवं बसावं लागणारं शौचालय अंगणाच्या टोकाला असेल तर परावलंबी होते. दोन घरांतल्या फरकाची किंमत एका दांड्याची आणि दोन पायऱ्यांच्या उताराची. पाहणी मात्र हा फरक आजीच्या शरीरात मोजते. मग अंदाज करणारा असं समजतो, की एवढी गरज वयाबरोबर अटळपणे येणारच. ती येते हे खरं, पण तिचा काही भाग बांधकामातून येतो आणि बांधकाम बदलता येतं.

तिसरी गोष्ट तासाच्या किमतीची. अर्थशास्त्रात विनामोल कामाची किंमत काढायच्या दोन पद्धती आहेत. एकीत विचारतात, हेच काम पगारी माणसाकडून करून घेतलं असतं तर किती पडले असते? दुसरीत विचारतात, काळजी घेणाऱ्या व्यक्तीने तो वेळ कमाईत घातला असता तर तिला किती मिळाले असते? दुसरी पद्धत वरवर न्याय्य वाटते. पण ती यवतमाळला लावून पाहा. सोयाबीनच्या सोंगणीच्या आणि कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत बाईच्या तासाला किंमत असते. एप्रिल-मे महिन्यांत कोरडवाहू शेतीत काम नसतं, म्हणून त्याच तासाची किंमत शून्य! सासऱ्यांना कूस बदलून देणं मात्र बाराही महिने सारखंच असतं. शिवाय या पद्धतीत शहरातल्या नोकरदार मुलीचा तास महाग आणि शेतमजूर सुनेचा तास स्वस्त ठरतो. काळजी दोघींची तीच. म्हणजे जिथे गरिबी जास्त, तिथे काळजीचा ‘खर्च’ कमी निघतो. अशा अंदाजावर पैसे वाटले, तर ते कुठे जातील हे सांगायला नको.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वरचे १८८ कोटी सरकारच्या कुठल्या खात्यात दिसतात? कुठल्याच नाही. सरकारच्या वहीत दिसतो तो वेगळा खर्च. महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. पासष्टीच्या पुढच्या आणि वर्षाला २१ हजार रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या निराधारांसाठी ती आहे आणि २०२३ पासून तिची रक्कम महिना १,५०० रुपये आहे. रोजगार हमीच्या दराने पाहिलं, तर ही पाच दिवसांची मजुरीसुद्धा भरत नाही. त्यात केंद्राचा वाटा असतो तो इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा. १९९५ साली ही योजना सुरू झाली तेव्हा हा वाटा ७५ रुपये होता, २००६ साली २०० झाला आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी आजही २०० च आहे. मधल्या काळात किमती तिपटीच्या घरात गेल्या. वहीत पाहिलं तर माणशी खर्च वाढलेला नाही. खरं म्हणजे तो घटला आहे आणि उरलेला भार कोणीतरी उचलला आहे. ते कोणीतरी वहीत नाही.

दुसरी नोंद वृद्धाश्रमाची. २००७ च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे गरीब वृद्धांची सोय होईल असा आश्रम राज्य सरकारने काढावा, अशी तरतूद आहे. यवतमाळच्या ६६ हजारांना दीडशे जागा म्हणजे ४४० माणसांमागे एक. जिल्हा १३,५०० चौरस किलोमीटरांहून मोठा, सोळा तालुक्यांचा. उमरखेड किंवा वणीहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. दीडशेच्या दीडशे जागा भरल्या, तरी काळजीचा प्रश्न होता तिथेच, म्हणजे घरातच राहतो.

तिसरी नोंद या जिल्ह्याला विशेष माहितीची आहे. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र ठरलं, तर राज्य सरकार कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देतं. ती वहीत एकदाच लिहिली जाते. त्या घरात म्हातारे आईवडील असतील तर त्यांची पुढची दहा-पंधरा वर्षं, कर्ता मुलगा नसताना, सुनेच्या अंगावर येतात. तीच शेत करते, तीच मजुरीला जाते, तीच मुलांना शाळेत धाडते आणि तीच सासूला आंघोळ घालते. या पंधरा वर्षांची नोंद कुठल्या खात्यावर करायची, हा प्रश्न खर्चाचा अंदाज करणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

खर्च दोन प्रकारचे असतात. एक खजिन्याचा खर्च, दुसरा समाजाचा. खजिन्याने जे दिलं नाही ते समाजाने दिलंच नाही असं होत नाही. ते वेळेच्या रूपात दिलं जातं. हा वेळ मोजायची सोयही आता आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली पहिली देशव्यापी वेळ-वापर पाहणी केली. सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचे आदल्या पहाटे चारपासून चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदले गेले. घरातल्या माणसांची विनामोल काळजी २७.६ टक्के स्त्रिया घेत होत्या आणि १४ टक्के पुरुष. म्हणजे शंभर स्त्रियांपैकी जवळपास अठ्ठावीस आणि शंभर पुरुषांपैकी चौदा. काळजी घेणाऱ्या स्त्रीचे दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात जात होती, पुरुषाची ७६. २०२४ च्या दुसऱ्या पाहणीतही चित्र फारसं बदललेलं नाही.

ही पाहणी मोलाची आहे, पण तिच्यातही एक भोक आहे. ठळकपणे छापल्या जाणाऱ्या आकड्यांत मुलांची आणि म्हाताऱ्यांची काळजी एकत्र असते. शिवाय विसराळूपणाचा आजार असलेल्या आजोबांवर ‘नजर ठेवणं’ हे काम अर्ध्या तासाच्या तुकड्यात मावत नाही. सून भाकरी थापत असते आणि कान दाराकडे असतात. नोंद होते ती भाकरीची. आपल्या देशात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज लासीच्याच एका जोड-अभ्यासातून २०२३ साली आला. अशा घरांत कामाचा मोठा भाग हा फक्त ‘असण्याचा’ असतो.

या पार्श्वभूमीवर नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीतल्या सुधारणांवर प्रसिद्ध केलेला निबंध वाचावा. त्याचं श्रेय आधी द्यायला हवं. वृद्धांचा प्रश्न केवळ दवाखान्याचा नाही, तो सामाजिक आहे, आर्थिक आहे, हे त्यात स्वच्छ मांडलं आहे. देशात साठीपुढच्यांचं प्रमाण २०११ साली ८.६ टक्के होतं, २०३१ साली ते १३ टक्क्यांच्या पुढे जाईल असा अंदाज आहे. तेव्हा हा विषय सरकारी टेबलावर येणं गरजेचंच होतं. पण पैशांचं काय, या प्रश्नाशी आल्यावर निबंध सक्तीची बचत, करांत सवलत आणि घरावरचं उलट-तारण अशा उपायांवर भर देतो. उलट-तारण म्हणजे म्हाताऱ्याने राहतं घर बँकेकडे तारण ठेवायचं आणि बँकेने त्याला दरमहा पैसे द्यायचे. ही योजना आपल्याकडे २००७ पासून आहे. तिच्यासाठी घर स्वकष्टार्जित आणि कागदपत्रं निर्वेध लागतात. आता पुसदच्या बाजूचा एखादा तांडा डोळ्यांसमोर आणा. तरुण माणसं ऊसतोडीला किंवा शहरात बांधकामावर गेलेली, मागे म्हातारी आणि नातवंडं. घर वडिलोपार्जित, चार भावांच्या नावावर. इथे कुठली बँक काय तारण घेणार? करसवलत कोणाला, ज्याच्यावर करच नाही त्याला? सक्तीची बचत कशातून? हे उपाय ज्यांच्याकडे काही आहे त्यांच्यासाठी आहेत. ज्यांच्याकडे फक्त सुनेचे तास आहेत, त्यांच्यासाठी निबंधात सहानुभूती आहे, हिशेब नाही.

हिशेब करता येत नाही असं मात्र नाही. जर्मनीने १९९५ साली काळजीसाठी वेगळा सार्वजनिक विमा सुरू केला. कोणाला किती मदत लागते याच्या पायऱ्या ठरवल्या. आधी त्या तीन होत्या, २०१७ पासून पाच आहेत. घरातलं माणूस काळजी घेत असेल तर रोख रक्कम मिळते आणि त्या माणसाच्या निवृत्तिवेतनाची वर्गणीसुद्धा विम्यातून भरली जाते. म्हणजे तिचे तास वहीत आले.

जपानची गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे, कारण तिथेही काळजी सुनेच्याच वाट्याला यायची. १९७३ साली तिथे सत्तरीपुढच्यांना वैद्यकीय सेवा मोफत झाली आणि घरी बघायला कोणी नाही म्हणून म्हातारी माणसं रुग्णालयांत महिनोन् महिने राहू लागली. काळजीचा खर्च आरोग्याच्या खात्यात लपला होता. शेवटी २००० साली काळजीविमा आला. त्या वेळी घरच्यांना रोख रक्कम द्यावी का यावर मोठा वाद झाला. रोख मिळाली तर सून घरातच अडकेल, म्हणून रोख नको, बाहेरून येणारी सेवाच हवी, असं स्त्री-संघटनांनी म्हटलं आणि सेवाच देण्याचं ठरलं. पहिल्या वर्षी त्यावर ३.६ लाख कोटी येन खर्च झाले, वीस वर्षांनी ११ लाख कोटींच्या आसपास. टीकाकार म्हणतात, बघा, खर्च तिप्पट झाला. लोक म्हातारे झाले म्हणून तो वाढला हे खरंच आहे. पण त्याचा एक भाग आधीही होत होता, फक्त तो घरात, न लिहिता होत होता. वहीत आला म्हणून दिसला.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की आपण जपान किंवा जर्मनीइतके श्रीमंत नाही. बरोबर आहे. आज १८८ कोटी खर्च करा असं मी म्हणत नाही. एवढा खर्च आजही होतोच आहे, तो कोण करतं ते लिहा, एवढंच म्हणतो. लिहिल्यावर दिसेल, की शौचालयातला दांडा, गावात आठवड्यातून दोनदा फिरकणारी प्रशिक्षित बाई, वेचणीच्या दोन-तीन महिन्यांत म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारी एखादी खोली, यांवर केलेला थोडा खर्च किती तास वाचवतो. ज्या तासांची किंमत शून्य धरली आहे, ते वाचवण्यावर एक रुपयाही खर्च करणं हिशेबात बसत नाही. शून्याची चूक इथे भोवते.

दुसरा आक्षेप मनातला आहे. आईबापांची सेवा काय पैशांत मोजायची? ही भावना मला परकी नाही. पण सरकारी योजनेचं नावच पाहा. कथेतल्या श्रावणबाळाने आईवडिलांची कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. आपल्या घरांत श्रावणबाळाचं नाव मुलाला मिळतं आणि कावड बहुतेक वेळा सुनेच्या खांद्यावर असते. प्रेमाची किंमत करू नये हे मान्य. वजन मात्र करायला हरकत नाही. नाहीतर ते कोणावर किती पडलं आहे हे कळणार कसं?

शिक्षकांचा या साऱ्याशी संबंध काय? वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांपासूनची माणसं मोजतात हे आपण वर पाहिलं. म्हणजे आपल्या वर्गातली मुलं त्या पाहणीत आहेत. दिवाळीनंतर वेचणीला जोर येतो तेव्हा सातवी-आठवीच्या हजेरीपटावर काही मुलींच्या नावांपुढे ओळीने गैरहजेरी लागते. कारण विचारलं की ‘घरी काम’ असं उत्तर येतं. त्या ‘कामा’त धाकटं भावंड असतं आणि कधी खाटेवरची आजीही असते. आई शेतात गेली की आजीचे तास नातीकडे येतात. तिची बुडालेली शाळा हाही दीर्घकालीन काळजीचाच खर्च आहे, तोही सार्वजनिक. कारण शाळेवरचा पैसा सार्वजनिक आहे आणि अर्ध्यात सुटलेल्या शिक्षणाचा तोटाही. तो कुठल्याच अंदाजात नाही. पण तो आपल्या हातातल्या हजेरीपटात आहे.

म्हणून एक उपक्रम सुचवतो. सातवी-आठवीच्या मुलामुलींना चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन आखायला सांगा. स्वतःचा एक दिवस भरायचा. इच्छा असेल त्यांनी घरातल्या एका मोठ्या माणसाचा दिवसही विचारून भरावा. नावं लिहायची नाहीत, वर्गात वाचून दाखवायचं नाही. एका चौकोनात दोन कामं चालू असतील तर दोन्ही लिहायची, ‘लक्ष ठेवलं’ हेसुद्धा. मग मुलांचे आणि मुलींचे कागद वेगळे करून, लहान-म्हाताऱ्यांच्या काळजीचे चौकोन मोजायचे. सरासरी, टक्केवारी, स्तंभालेख हे सगळं अभ्यासक्रमात आहेच. एक दिवस वेचणीच्या हंगामातला घ्या आणि एक उन्हाळ्यातला. दोन्ही स्तंभालेख शेजारी-शेजारी लावा आणि फरक कशामुळे पडला ते मुलांनाच सांगू द्या. शेवटी त्यांना विचारा, की सरकारच्या वहीत यांतले किती चौकोन येत असतील.